जागा क्रमांक नऊ

फळ्यावर तिसरी नोटीस लागली:
'नऊ क्रमांकाच्या जागेत तेल सांडते. खुलासा करावा.'
खाली कर्णिकांची सही, शेपटीसकट.

खुलासा काय करणार?
रात्री गाडी लावते, पहाटे पाचला काढते,
मधल्या वेळात एक थेंब खाली उतरतो,
मग दुसरा.
चुनाभट्टी झोपलेली असते तेव्हा तेवढाच जागा.

माझं काम रक्ताचं.
शीवपासून घाटकोपरपर्यंत
उपाशीपोटी वाट बघणारी माणसं.
दंडाला पट्टा, मूठ आवळा, सुई,
तीन नळ्या, वर कापूस,
आणि 'दाबून धरा, चोळू नका.'
पंधरा वर्षांत कुणाच्या बाहीला डाग लागू दिला नाही
आणि माझ्याच गाडीखाली हा, थाळीएवढा.

फिल्टर मीच बदलला होता.
गळलं तसे टोपणाचे बोल्ट आवळले.
आणखी गळलं, आणखी आवळले.
पान्याला नळी जोडून जोर लावणार होते
तेवढ्यात पाइप रोडवरच्या याकूब परकारांना फोन केला.
'हात आवरा, बाई. अल्युमिनियम हाय ते.
आटे गेले तर मग माझ्याकडे रडत येशीला.'
आणि ठेवता ठेवता:
'जुनी रिंग मोजलीत का?'

मोजायचं काय त्यात?
एक तर रिंग.

रविवारी इंजिन पाच मिनिटं चालू ठेवलं,
तेल पातळ होईल, हात भाजणार नाही इतकंच.
खाली गोडेतेलाचा कापलेला डबा.
धार आधी जाड, मग दोऱ्यासारखी,
मग थेंब, थेंब,
मी घाई केली नाही.
तिन्ही बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने सैल केले.
स्प्रिंग उडालीच, ड्रेनेजच्या जाळीवर जाऊन थांबली.
टोपणावरची रिंग माझीच, गेल्या महिन्यातली, एका बाजूला चेमटलेली.

मग बॅटरी लावून खाचेत पाहिलं.
काही नाही. काळं काळ्यात.
नखाने चाचपलं तर
धातू
किंचित मऊ लागला.

पिशवीतली सुई काढली, परत ठेवली.
ओरखडा उठला तर तेलाला नवी वाट.
नखानेच, हळूहळू, पाव तास,
आणि आली बाहेर:
आधीच्या मालकाच्या वेळची,
चपटी, कडक, बाहेर येताच दोन तुकडे.
मी तिच्यावरच दुसरी बसवली होती.
एका खाचेत दोघींना जागा नव्हती
आणि मी दोष देत होते बोल्टला.

'सापडलं का?' मागे कर्णिक,
लेंगा, स्वेटर, हातात कुलपांचा जुडगा.
मी काही न बोलता बॅटरी त्यांच्या हातात दिली.
खाच पुसली, फडक्याचा धागा राहिला नाही ना ते पाहिलं.
नव्या रिंगेला बोटाने ताजं तेल फासलं,
बसवली. बोटांनीच बोल्ट फिरवले थांबेपर्यंत,
मग छोट्या पान्याने, एक इकडचा, एक तिकडचा,
मनगटाला समजेल तेवढं.
'एवढंच? सैल नाही का राहणार?'
'शिरेवर पट्टा बांधते तेव्हा विचारता का?'
कर्णिक हसले नाहीत. बॅटरी मात्र हलली.

तेल भरलं, इंजिन सुरू केलं, बंद केलं,
काचेत पातळी पाहिली, दोन घोट आणखी घातलं.
'आता कसं कळायचं?'
'आता नाही कळत. खाली कागद ठेवायचा,
सकाळी बघायचं.'

ते फळ्याकडे गेले.
तिसरी नोटीस टाचण्यांसकट काढून आणली,
कोरी बाजू वर करून
स्वतः वाकून इंजिनाखाली सरकवली,
एक हात गुडघ्यावर.

पहाटे पावणेपाच. पहिला नमुना आज त्यांचाच,
दुसरा मजला, उपाशीपोटी साखर.
बसून कागद ओढला.

एक थेंब होता.

बोटावर घेतला, वास घेतला,
दिव्याखाली धरला.
पाणी.
वर पाहिलं: छताला टेकून गेलेला नळ,
जोडाशी तंगूस गुंडाळलेलं, वेड्यासारखं आवळलेलं.

कर्णिकांच्या न्हाणीघराचा.